कर्जबाजारी माणूस आणि आपली जमात

गेल्या वर्षी एका जुम्याला आमच्या मशिदीत व्याजावर बयान झाले. मौलाना तळमळीने बोलले. व्याज घेणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि त्यावर साक्ष करणारा हे चौघेही गुन्ह्यात सारखेच, ही हदीस त्यांनी तीनदा सांगितली. माझ्या शेजारी आमच्या मोहल्ल्यातले एक फळविक्रेते बसले होते. मान खाली. सलाम फिरवल्याबरोबर, सुन्नत न पढता, ते बाजूच्या दाराने निघून गेले. त्यानंतर कितीतरी जुमे ते आमच्याकडे दिसलेच नाहीत. नंतर कळले की त्यांनी नमाज सोडली नव्हती, फक्त मशीद बदलली होती. इथल्या पहिल्या सफमध्ये बसणाऱ्या एकाचे ते पैसे लागत होते.

त्या बयानात चुकीचे काही नव्हते. व्याज हराम आहे, हे मला मान्य आहे आणि त्या फळविक्रेत्या चाचांनाही मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. व्याजात जो आधीच मानेपर्यंत बुडाला आहे, त्याने शनिवारी सकाळी उठून काय करायचे? याबद्दल त्या पाऊण तासात एक वाक्यही नव्हते. हे एका मशिदीचे नाही, मी ऐकलेल्या बहुतेक बयानांचे आहे. हराम काय ते आपण लोकांना सांगतो, त्यातून बाहेर पडायचा रस्ता सांगत नाही. मग माणूस बाहेर पडत नाही, तो लपतो.

चाचांचा हिशेब पुढे त्यांच्या परवानगीने काही जणांनी मिळून मांडला, म्हणून मला तो माहीत आहे. त्यांनी केशर आंब्याची एक बाग उक्ती घेतली होती. मार्चअखेर गारपीट झाली आणि कैऱ्यांचा सडा पडला. बागमालकाचे दीड लाख देणे राहिले. एका खाजगी सावकाराकडून एक लाख उचललेले, दहा टक्क्यांनी. आपल्याकडे 'दहा टक्के' म्हणजे महिन्याला दहा, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. बायकोच्या नावावर दोन मायक्रोफायनान्स गटांचे मिळून सत्तर हजार. सोनेतारणाचे एक लाख वीस हजार. मेहुण्याचे हातउसने पन्नास हजार. आणि हप्ता चुकू नये म्हणून एका मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेले पंधरा हजार. सगळे मिळून पाच लाख पाच हजार. गाडा चालवून महिन्याला हाती राहायचे वीस हजारांच्या आतबाहेर, आणि त्यातले दहा एकट्या सावकाराला जायचे. असे चौदा महिने गेले होते. म्हणजे एक लाख चाळीस हजार देऊन मुद्दल तिथेच, एक लाख.

मला हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. सावकाराचे कर्ज चाचीला माहीत नव्हते, आणि चाचीने उचललेला दुसरा गट चाचांना माहीत नव्हता. एकाच खोलीत राहून दोघे एकमेकांपासून कर्ज लपवत होते. दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणूनच.

पैगंबर (स.) आपल्या दुआत गुनाहबरोबर कर्जापासूनही पनाह मागत. कुणीतरी विचारले, कर्जापासून इतकी पनाह का? त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की कर्जात पडलेला माणूस बोलताना खोटे बोलू लागतो आणि दिलेला शब्द मोडू लागतो. बुखारीतली ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मात्र त्या खोलीत कळला. कर्ज प्रथम माणसाची जीभ खाते, खिसा नंतर. "उद्या देतो" पासून सुरुवात होते. मग फोन बंद, मग दुसऱ्या गल्लीने जाणे, मग दुसरी मशीद. एक देणे लपवण्यासाठी दुसरे घेतले जाते, आणि हे दुसरे नेहमीच पहिल्यापेक्षा महाग असते. बँक विचारपूस करते, सावकार करत नाही, अ‍ॅप तर तोंडही बघत नाही. ज्याला लपून कर्ज हवे त्याला महागच मिळते.

(जाता जाता, आपल्या मराठीतले कर्ज, तगादा, वसुली, जामीन, जप्ती हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. व्याज तेवढा संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ कपट, बहाणा असाही आहे.)

कर्जदाराबद्दल आपण नेहमी सांगतो तो प्रसंग जनाज्याचा. मय्यतीवर कर्ज आहे आणि फेडायला मागे काही नाही असे कळले की पैगंबर (स.) स्वतः नमाज पढवत नसत, सोबत्यांना पढायला सांगत. अबू कतादा (रजि.) यांनी एका मय्यतीचे कर्ज आपल्या अंगावर घेतले तेव्हा कुठे त्यांनी नमाज पढवली. एवढे सांगून आपण थांबतो. ऐकणारा कर्जदार तिथेच अर्धा मरतो. पण ही गोष्ट इथे संपत नाही. पुढे बैतुलमालमध्ये पैसा येऊ लागला, तेव्हा त्यांनी जाहीर केले की जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज माझ्यावर, आणि जो माल ठेवून मरेल त्याचा माल त्याच्या वारसांचा. हा दुसरा भाग मिंबरवर का येत नाही? मला वाटते, त्यात जबाबदारी कर्जदाराकडून समाजाकडे सरकते आणि ते आपल्याला नको असते.

कुराणात सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात 'गारिमीन' म्हणजे कर्जात अडकलेले लोक आहेत. दानशूरांच्या मर्जीवर नाही, हक्काने आहेत. आपल्याकडे रमजानमध्ये जकात कुठे जाते? मदरशांच्या सफीरांकडे, विधवांकडे, रेशनच्या पिशव्यांकडे. जावी, मी अडवणारा कोण. पण मोहल्ल्यातल्या किती जमातींनी कधी विचारले की आपल्यात गारिम कोण आहे? फकिराचा चेहरा आपल्याला ओळखता येतो. कर्जदार तर इस्त्रीचा शर्ट घालून फिरतो, मुलीच्या लग्नात चारशे माणसे जेवू घालतो. त्या चारशे माणसांत आपणही जेवतो आणि बाहेर येऊन म्हणतो, ऐपत नव्हती तर कशाला केले.

सहीह मुस्लिममधली एक हदीस तर जणू चाचांसाठीच आहे. एका माणसाने फळे विकत घेतली, त्यात नुकसान आले आणि कर्ज फार वाढले. पैगंबर (स.) यांनी लोकांना सांगितले, याला सदका द्या. लोकांनी दिला, तरी सगळे फिटेना. तेव्हा त्यांनी घेणेकऱ्यांना सांगितले की जे हाती लागते आहे ते घ्या, याहून जास्त तुम्हाला मिळायचे नाही. चौदाशे वर्षांपूर्वीची ही कार्यपद्धती पाहा. आधी देणे उघड झाले, मग समाजाने हातभार लावला, मग जे होते ते घेणेकऱ्यांत गेले आणि तगादा थांबला. आजच्या कायद्यात याला नादारी म्हणतात. मुंबईसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा नादारीचा कायदा इंग्रजांनी केला. त्याआधी किती शतके फिकहच्या किताबांत 'इफ्लास'चे प्रकरण आहे. दिवाळे निघालेल्या माणसाकडे काय ठेवायचे यावर फकीहांनी बारकाईने वाद घातले आहेत. आणि आपण दिवाळे हा शब्द शिवीसारखा वापरतो.

कुराणात आणखी दोन आयती लागोपाठच्या पानांवर आहेत. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत, कर्जदार तंगीत असेल तर सवड द्या आणि सोडून दिलेत तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. २८२ वी आयत कुराणातली सर्वांत लांब, आणि तिचा विषय कर्जाचा कागद लिहिणे हा. नात्यात कागद केला तर 'विश्वास नाही का' म्हणून रुसणाऱ्या आपल्या लोकांनी ती एकदा तर्जुम्यासह वाचावी.

कर्ज इतके अंगावर आले की झोप लागत नाही, तेव्हा पहिले काम कागद. नवरा-बायकोने समोरासमोर बसून प्रत्येक देणे लिहायचे: कुणाचे, मुद्दल किती, दर किती, आजवर दिले किती, तारण काय, कोरा चेक कुणाकडे. या यादीत एक देणे हमखास राहते, ते म्हणजे मेहर. उधार ठेवलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्जच आहे. बायकोचे सोने गहाण टाकले असेल तर तेही तिचे देणे आहे. सोने तिच्या मालकीचे असते. चाचांच्या यादीत आम्ही ते लिहायला लावले तेव्हा चाची पहिल्यांदा रडल्या.

दुसरे, नवे कर्ज बंद. जुन्याचा हप्ता भरायला नवे घेणे म्हणजे फेड नव्हे.

तिसरे जरा कडू आहे. विकण्यासारखे काही असेल तर लवकर विका. आपण प्लॉट, दुकानाची पागडी, जुनी गाडी शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि अखेर पडेल भावात देतो. मधल्या दोन वर्षांत त्याच्या किमतीएवढे व्याज भरून झालेले असते. 'लोक काय म्हणतील' याची इतकी महाग किंमत दुसऱ्या कशालाच पडत नसेल. मात्र रोजीचे साधन विकू नका. गाडा, शिलाई मशीन, रिक्षा शेवटपर्यंत ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही कारागिराची हत्यारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्तीतून वगळलेले आहे. कायदाही मानतो की माणूस उभा राहिला तरच देणे फिटेल.

सावकाराबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतकरी नसलेल्याला तारणावर वर्षाला पंधरा टक्के, विनातारण अठरा टक्के. वर्षाला, महिन्याला नाही. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हा जुना दामदुपटीचा नियम. एके काळी मुंबई इलाख्यात तो फक्त हिंदू ऋणकोला लागू होई, मुसलमान ऋणकोला नाही. आजचा कायदा सगळ्यांना सारखा आहे. आता चाचांचा हिशेब पुन्हा करा. एक लाखावर अठरा टक्क्यांनी चौदा महिन्यांचे व्याज होते एकवीस हजार. त्यांनी दिले होते एक लाख चाळीस हजार. म्हणजे मुद्दल आणि कायद्याने बसणारे व्याज फिटून वर एकोणीस हजार जास्त गेले होते. सावकाराकडे परवाना नव्हताच. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करायची, तालुक्याला त्यांचे सहायक निबंधक असतात. लेखी करा, पोच घ्या. कोरा सही केलेला चेक दिला असेल तर हे आणखी लवकर करा. चेक न वटण्याचा गुन्हा कलम १३८ खाली फौजदारी आहे आणि सावकाराचा खरा हुकूम तोच असतो.

सावकार मुसलमान असेल तर? असतो. आमच्या चाचांचा होता, आणि त्यांनी मशीद बदलली ती त्याच्यामुळेच. ज्या बयानाने चाचा पळाले तेच बयान तो पहिल्या सफमध्ये बसून शांतपणे ऐकत होता. देणाऱ्याला लाज वाटते, घेणाऱ्याला वाटत नाही, असे आपले बयान कुठेतरी चुकते आहे.

बँक किंवा फायनान्सवाल्यांचे नियम वेगळे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने बजावलेले आहे. डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे अ‍ॅपला तुमच्या फोनमधल्या नंबरांना आणि फोटोंना हात लावता येत नाही. जे अ‍ॅप लावते त्याची तक्रार १९३० वर करा. मायक्रोफायनान्सच्या कर्जात कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हाही नियम आहे. कागदावर. प्रत्यक्षात उत्पन्न किती लिहायचे हे गटाच्या बैठकीत कोण सांगते, ते आपल्या बहिणींना विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. चाचींना तो तिथूनच मिळाला.

एक युक्तिवाद हल्ली तरुणांकडून ऐकतो. बँकेचे व्याज हरामच आहे, मग कशाला भरायचे? मला हे पटत नाही. सही करताना ते हराम नव्हते का? मजबुरी होती म्हणत असाल तर ती कबूल करा, पण मजबुरी संपल्यावर दीन आठवणे बरे दिसत नाही. शिवाय नुकसान तुमचेच होते, थकबाकी आणि दंड वाढतो. त्यापेक्षा बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, किंवा एकरकमी तडजोड करा. लेखी मागा. फोन बंद ठेवणाऱ्यापेक्षा समोर येऊन बसणाऱ्याला बँकही वेगळे वागवते.

आपले लोक सावकाराकडे हौसेने जात नाहीत, हेही सांगायला हवे. मुस्लिम वस्त्यांचे काही भाग बँका नकारात्मक क्षेत्र धरतात, ही नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली होती. देवबंदमध्ये १९६१ साली मुस्लिम फंड सुरू झाला. लोकांच्या ठेवींतून, दागिना ठेवून, बिनव्याजी कर्ज. महाराष्ट्र तर सहकाराचे घर. गावोगावी पतसंस्था असलेल्या या राज्यात बिनव्याजी पतसंस्था आपल्याला मोठ्या प्रमाणावर का उभारता आल्या नाहीत? अपप्रवृत्ती आल्या हे खरे. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या आयएमए प्रकरणात हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुसलमानांची पुंजी गेली. पण त्या योजनेत मोठ्या परताव्याचे आमिष होते. बिनव्याजी पतसंस्थेत परतावाच नसतो, म्हणून तिथे लोभी माणूस फिरकत नाही. हिशेब मात्र दरवर्षी तपासून भिंतीवर लावायला हवा, अमीरसाहेबांच्या खिशातल्या डायरीत नको.

जुबैर इब्न अव्वाम (रजि.) यांच्यावर मृत्यूसमयी बावीस लाखांचे देणे होते. लोक त्यांच्याकडे अमानत ठेवायला येत, ते म्हणत कर्ज म्हणून ठेवा, म्हणजे बुडाले तरी मी देणे लागेन. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह यांनी जमीन विकून ते फेडले. वारसांनी वाटणी मागितली तरी त्यांनी चार वर्षे हजच्या मोसमात जाहीर हाक दिली: जुबैर यांच्याकडे कुणाचे काही येणे असेल तर येऊन घेऊन जा. त्यानंतरच वाटणी केली. बापाचे कर्ज मुलाने भर मोसमात ओरडून सांगितले, आणि त्यामुळे जुबैर यांची इज्जत तसूभरही कमी झाली नाही.

चाचांचे पुढे काय झाले? सगळे काही छान झाले असे नाही. निबंधकांकडे अर्ज गेल्यावर सावकाराने मध्यस्थामार्फत चेक परत पाठवला. दोन घरांच्या जकातीतून गटांच्या मुद्दलाचा मोठा भाग फिटला, उरलेला चाची भरताहेत. अ‍ॅपवाल्यांनी तोपर्यंत चाचांच्या ओळखीच्या पंचवीसएक लोकांना घाणेरडे मेसेज पाठवून झाले होते, ते परत घेता येत नाहीत. त्या आठवड्यात चाचांच्या तोंडून जे शब्द निघाले त्याने आम्ही घाबरलो आणि दोन रात्री त्यांच्या मुलाला त्यांच्याजवळ झोपायला सांगितले. असे शब्द कुणाच्या तोंडी आले तर हिशेब बाजूला ठेवून आधी त्या माणसाजवळ बसा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. मेहुणा अजून बोलत नाही.

बागमालकाकडे जायला चाचा सर्वांत जास्त घाबरत होते. फकीहांमध्ये मतभेद असले तरी, फळांवर आसमानी आफत आली तर विकणाऱ्याने ते नुकसान सोडावे अशी हदीस आहे. पण मराठा शेतकऱ्याला ती कोणत्या तोंडाने सांगायची? सांगावी लागलीच नाही. त्याने यादी हातात घेतली, आपल्या नावापुढचा आकडा पाहिला आणि म्हणाला, "चाचा, गारा काय तुमच्या एकट्यावर पडल्या का?" पन्नास हजार त्याने तिथेच खोडले. उरलेल्या लाखाचे महिन्याला तीन हजार ठरले. दर महिन्याच्या पाच तारखेला चाचा एसटीने त्याच्या गावी जातात, पैसे देतात आणि वहीवर सही घेऊन येतात. फोनवरून पाठवता येतील असे मी सुचवले होते. ते नको म्हणाले.